लग्नघरची करमणूक

चेतन भगत यांची ‘टू स्टेट्स’ (२००९) ही कादंबरी आम्हीं हंसण्याच्या तयारीनेंच हातीं घेतली. पंजाबी वर, तमिळ वधू आणि परस्परांस नाकें मुरडणारे व्याही. विनोदाला याहून सुपीक भूमि ती कोणती? मेहुण्याला शिकवणी, सासूला गाण्याची संधि मिळतांच चेन्नईचें दार उघडतें. येथवर आमची तक्रार नाहीं. परंतु दिल्लीच्या एका लग्नांत वरपक्ष मोटारीवरून अडून बसतो, तेव्हां आम्ही सरसावून बसलों. नायिका नवरदेवाची कानउघाडणी करते, मंडप पुन्हा गजबजतो आणि तिची वाहवा होते! हुंडा हा केवळ भावी सुनेच्या परीक्षेचा प्रश्न ठरला. देवलांच्या ‘शारदे’तहि (१८९९) प्रेक्षक हंसतो, पण मुलीच्या भीतीचा त्याला विसर पडत नाहीं. येथें मांडवांतल्या त्या नवरीच्या मनांत काय चाललें होतें, हें पुस्तक मिटल्यावरहि आम्हांस कळलें नाहीं.