‘आज्ञापत्रा’तील दारूखाना

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चा विचार बहुधा राजनीतीवरील ग्रंथ म्हणूनच होतो. कोल्हापूरकर संभाजीराजांच्या नावे इ. स. 1715-16 च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथातील सूत्रवजा वाक्ये वारंवार उद्धृत केली जातात. दुर्गप्रकरणातील दारूखान्याचा मजकूर मात्र निव्वळ तपशील म्हणून ओलांडला जातो. वस्तुतः अमात्यांची विचारपद्धती तेथेच अधिक उघडी पडते.

दारूचे शत्रू दोन, विस्तव आणि सर्दी. आणि एकावरील उपाय दुसऱ्याला वाट करून देतो. दारूखाना घराजवळ व घराच्या वाऱ्याखाली नसावा, भोवती निर्गुडी आदी झाडांचे दाट कुसू असावे, आत तळघर करावे, असे अमात्य सांगतात. विस्तवाचा बंदोबस्त झाला. परंतु तळघर म्हटले की ओल आलीच. म्हणून लगोलग गच, गचावर माच आणि माचावर दारूची मडकी. एवढ्यानेही सह्याद्रीच्या पावसाळ्यात अशुद्ध सोऱ्याचा निभाव लागत नाही. तेव्हा आठपंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावी, ही आज्ञा. ऊन देणे हेही निर्धोक नव्हेच. नित्याच्या राखणीचे प्रयोजन केवळ चोरीपुरते मानता येत नाही.

वाक्ये आखूड, विध्यर्थी, निरलंकार. सर्दीचा उल्लेख सोडल्यास कारणमीमांसा जवळजवळ नाही. ती आज्ञांच्या क्रमातच सामावली आहे. गद्याचा हा गुण सुभाषितवजा वाक्यांत शोधणाऱ्यांना सापडणार नाही.

मात्र सोरा आणि गंधक आणावे कोठून, याविषयी हा उतारा मौन पाळतो. टोपीकरांविषयी इतकी सावधगिरी शिकविणाऱ्या ग्रंथात ते मौन खटकते.