पत्र कुणाचे होते?

सकाळ होते. शेजारी झोपलेल्या नवऱ्याला डेलिया सुप्रभात म्हणते. उत्तरादाखल नवरा तिच्या थोबाडीत देतो. ती रडत नाही, का मारले असेही विचारत नाही. उठते, केस सारखे करते आणि मुलांच्या, नवऱ्याच्या, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याच्या कामाला लागते. 'चे अंकोरा दोमानी', म्हणजे 'अजून उद्याचा दिवस आहे', या इटालियन चित्रपटाची ही सुरुवात. त्या थपडेपेक्षा मला जास्त अस्वस्थ केले ते डेलियाच्या सहजपणे उठण्याने.

अभिनेत्री पाओला कोर्तेलेझी यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. डेलियाची भूमिकाही त्यांचीच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो इटलीत प्रदर्शित झाला आणि पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तो चित्रपटगृहात जाऊन पाहिला. कथा घडते १९४६ च्या मे-जून महिन्यांत, रोममध्ये. मुसोलिनीची राजवट संपली आहे, युद्ध थांबून वर्ष झाले आहे, रस्त्यावर अमेरिकन सैनिक उभे आहेत आणि घराघरात टंचाई आहे. चित्रपट कृष्णधवल आहे. त्यामुळे जाणकारांना दे सिकांच्या 'बायसिकल थीव्हज'ची (१९४८) आठवण होईल. त्या थोर चित्रपटात नवऱ्याची सायकल सोडवण्यासाठी बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि त्यानंतर कथेतून जवळजवळ नाहीशी होते. पुढची वणवण बाप-लेकाची. कोर्तेलेझी यांनी कॅमेरा त्या चादरीवाल्या बाईच्या मागे तिच्या घरात नेला आहे, असे मला वाटते.

डेलिया दिवसभरात किती कामे करते ते मोजावे लागते. घरोघरी जाऊन इंजेक्शने देते, लोकांचे कपडे धुते, शिवणकाम करते, छत्र्यांच्या दुकानात छत्र्या दुरुस्त करते. त्या दुकानात एक नवखा मुलगा येतो. काम त्याला तीच शिकवते, पण पगार त्याला तिच्यापेक्षा जास्त. कारण विचारले तर मालकाचे उत्तर तयार असते: तो पुरुष आहे. मिळालेले पैसे संध्याकाळी नवऱ्याच्या, इव्हानोच्या, हातात जातात. त्यातले थोडे ती चोरून बाजूला ठेवते. आपल्याच कमाईची चोरी! धान्याच्या डब्यात नोटा दडवणाऱ्या आपल्या अम्मी-नानींना ही चोरी चांगली ठाऊक आहे.

इव्हानोला राक्षस म्हणून रंगवलेले नाही, हे दिग्दर्शिकेचे शहाणपण. त्याने दोन युद्धे पाहिली आहेत, म्हणून त्याचे डोके तापते, असे सगळे सांगतात. आपल्या मोहल्ल्यातही 'मिजाज गरम है, दिल का बुरा नहीं' असे म्हणून असे पुरुष माफ केले जातातच. सासरा तर याहून पुढचा. तो मुलाला समजावतो की रोज रोज मारू नये, त्याने बायकोला सवय होते; एकदाच मारावे, पण सणसणीत. चित्रपटगृहात या वाक्याला हशा येत असणार. तो हशा घशात अडकावा म्हणूनच ते वाक्य लिहिले आहे.

मारहाणीचा मुख्य प्रसंग मात्र वादाचा ठरावा. इव्हानो दार-खिडक्या बंद करतो आणि मारहाण सुरू होताच ती नृत्यासारखी दाखवली जाते. पार्श्वभूमीला गाणे, दोघांच्या हालचाली तालावर, अंगावर उठलेले वळ क्षणात दिसतात आणि क्षणात पुसले जातात. पहिल्यांदा पाहताना मला राग आला. दुःखाचा असा नाच का करावा? दुसऱ्यांदा पाहिल्यावर वेगळे वाटले. रक्त आणि किंकाळ्या दाखवल्या असत्या तर आपण डोळे मिटले असते किंवा, त्याहून वाईट, टक लावून पाहिले असते. नृत्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, दोघांनाही त्या पाठ असतात. या घरातली मारहाणही तशीच झाली आहे, आणि हे कोणत्याही किंकाळीपेक्षा भयंकर आहे.

डेलिया स्वतःसाठी काही मागत नाही. तिचे डोळे उघडतात ते मुलीमुळे. मार्चेल्लाचे लग्न जुलिओशी ठरते. मुलगा सुखवस्तू, आई-बापांचे कॉफीचे दुकान. सगळे खूश. मग एके दिवशी जुलिओ मार्चेल्लाच्या ओठांवरची लाली पुसतो, यापुढे नटायचे ते माझ्यासाठीच अशा अर्थाचे बोलतो, आणि डेलियाला त्या प्रेमळ मुलाच्या जागी आपला इव्हानो दिसतो. ती ओळखीच्या अमेरिकन सैनिकाकरवी ते दुकानच सुरुंगाने उडवून देते आणि लग्न मोडते. हा भाग मला सर्वांत कच्चा वाटला. एक तर तो फारच सोपा आहे. दुसरे म्हणजे आईने मुलीला न विचारता तिच्या आयुष्याचा निर्णय घेतला, आणि चित्रपट तो प्रश्न हसण्यावारी नेतो. मुलीच्या भल्यासाठी तिला अंधारात ठेवणे ही आपली जुनी खोड आहे. डेलियाही तिच्यातून सुटलेली नाही.

आता पत्राविषयी. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी पुढचे नंतर वाचावे. डेलियाला एक पत्र येते. ती ते लपवते. गावात तिचा जुना चाहता नीनो आहे. तो शहर सोडून चालला आहे आणि तिलाही चल म्हणतो. ती नवा ब्लाउज शिवते. रविवारी, २ जूनला, घरातून निसटायचे ठरवते. नेमका सासरा मरतो, घर माणसांनी भरते, दिवस निघून जातो. पण अजून उद्याचा दिवस असतो. दुसऱ्या दिवशी ती धावत निघते. मागून इव्हानो. आणि ती पोहोचते ती मतदान केंद्रावर. ते पत्र म्हणजे तिचे मतदार कार्ड होते. २ आणि ३ जून १९४६ ला राजेशाही की प्रजासत्ताक यावर इटलीत सार्वमत झाले आणि स्त्रियांनी प्रथमच देशपातळीवर मत दिले. मतदार स्त्रियांपैकी सुमारे ८९ टक्के आल्या. संविधान सभेवर २१ स्त्रिया निवडून गेल्या.

दिग्दर्शिकेने आपल्याला फसवले असे कोणी म्हणेल. मला वाटते, फसलो ते आपल्याच समजुतीमुळे. बाई पत्र लपवते म्हणजे ते परपुरुषाचेच असणार, बाई नवे कपडे शिवते म्हणजे ते कुणाला तरी दाखवायलाच, असे आपण धरून चाललो. इव्हानोही तसाच विचार करतो. चित्रपट संपताना आपण त्याच्या शेजारी उभे असतो, ही या कथेची खरी चपराक.

मी उर्दू शाळेत शिकवते. शिक्षक असल्यामुळे निवडणुकीची ड्युटी ठरलेली. एका केंद्रावर मी यादीतले नाव विचारले तेव्हा साठीच्या एका बाईने मागे वळून पाहिले आणि उत्तर नवऱ्याने दिले. मी पुन्हा विचारले. तिने नाव सांगितले, पण इतक्या हळू की मला पुढे वाकावे लागले. १९५१-५२ च्या आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. डेलियाच्या कार्डावर तिचे स्वतःचे नाव आहे. ते कार्ड ती छातीशी का धरते हे मला त्या बाईमुळे कळले.

केंद्रावर स्त्रियांना ओठ पुसायला सांगतात, कारण मतपत्रिका जिभेने ओली करून चिकटवायची असते आणि लालीचा डाग पडला तर मत बाद व्हायचे. डेलिया लाली पुसते. मुलीच्या ओठांवरची लाली पुरुषाने पुसली होती. आईने आपली स्वतः, आपल्या मतासाठी पुसली. बाहेर मिटल्या ओठांच्या बायकांची गर्दी इव्हानोकडे एकटक पाहते. तो मागे फिरतो.

पण संध्याकाळी डेलियाला त्याच घरात जायचे आहे. चित्रपट तिथवर जात नाही. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला आणि कुटुंबात पती-पत्नींना समान स्थान १९७५ मध्ये मिळाले. म्हणजे डेलियाचा 'उद्या' यायला तीस वर्षे लागली. मताने थप्पड लगेच थांबत नाही. तरीही साठवलेले पैसे ती मुलीच्या शाळेसाठी ठेवून निघालेली असते, आणि घरात पडलेले कार्ड घेऊन आईमागे धावत येते ती मार्चेल्लाच. माझ्या वर्गातल्या मुली मतदानाच्या वयाच्या होतील तेव्हा त्यांना हा चित्रपट दाखवायचा विचार आहे. शक्य झाल्यास त्यांच्या आयांसह.