नाच्याचा देह आणि आपले मौन

'नटरंग' १ जानेवारी २०१० रोजी पडद्यावर आला. त्याला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चर्चा झाली ती अजय-अतुल यांच्या संगीताची आणि अतुल कुलकर्णी यांनी देहावर घेतलेल्या मेहनतीची. आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी उभ्या केलेल्या या कथेच्या मध्यभागी एका पुरुषावर झालेला सामूहिक बलात्कार आहे. मी वाचलेल्या परीक्षणांनी मात्र 'विटंबना', 'संकट' असे शब्द वापरून तेथून पाय काढता घेतला.

गुणा हा तालमीत अंग कमावलेला मजूर. फडाला नाच्या मिळेना म्हणून तो स्वतः नाच्या होतो. स्थानिक पुढाऱ्यांच्या वैरात फड सापडतो आणि सूड उगवला जातो तो त्याच्या देहावर. येथे वासना दुय्यम आहे. बाईपण म्हणजेच हीनपण असे मानणारी व्यवस्था पुरुषाला 'बाई करून' खाली ढकलते. माणसाला त्याची पायरी दाखवण्याची ही रीत आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. गणपत पाटील यांनी आयुष्यभर पडद्यावर नाच्या रंगवला, आणि प्रेक्षकांनी पडद्याबाहेरही त्यांच्या पुरुषपणावर शंका घेतली. त्याला आपण आस्वाद म्हणत आलो!

चित्रपटाचे अपयश मला पुढे दिसते. उद्ध्वस्त गुणा घरच्यांकडून नाकारला जातो, पुन्हा कलेकडे वळतो आणि शेवटी वृद्धपणी सन्मान स्वीकारतो. मधली वर्षे कुठे गेली? त्या रात्रीनंतर पहिल्यांदा घुंगरू बांधताना त्याचे हात थरथरले असतील की नाही? कला माणसाला सावरते असे म्हणायचे आणि सावरण्याचे कष्ट तेवढे गाळायचे, हा सोयीचा आशावाद आहे.

कायदाही याच मौनात सामील आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आमच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यावर देशभर स्त्रिया उठल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मुलग्यांना २०१२ च्या पोक्सो कायद्याने संरक्षण दिले. प्रौढ पुरुषाला मात्र कलम ३७७ चा तोकडा आधार होता, तोही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरला नाही. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक छळ सांगणाऱ्या बालकांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. ते मुलगे आज कर्ते पुरुष झाले आहेत.

मग हे बोलायचे कोणत्या रूपात? आपल्या साहित्याला ते रूप परके नाही. 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा असे दोन केल्यामुळे लाजेलाही वाचा फुटते. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस आपल्या आघातांविषयी लिहायला लावले. लिहिताना त्यांना जास्तच त्रास झाला, पण पुढील महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे लिहिणे हे मलम नव्हे. ते जखम धुण्यासारखे आहे, आणि धुताना झोंबतेच. त्याने डॉक्टरची वा न्यायाची गरजही संपत नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने संमेलनासाठी एकांकिका लिहून आणली. (त्याला विचारूनच लिहितो आहे; ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही.) नायिकेवर घरातलाच माणूस अत्याचार करतो. संवाद कच्चे होते. एका प्रवेशात दाराच्या कडीचा आवाज तीनदा येत होता. माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच, त्यामुळे मास्तरकीचा ताठा अंगात जरा जास्तच. म्हणालो, "एकदाच ठेव, परिणाम वाढेल."

तो म्हणाला, "सर, तो तीनदाच येतो."

मला कळायला दोन दिवस लागले. मी काही विचारले नाही, फक्त तीनही आवाज राहू दे म्हटले. पुढच्या खर्ड्यात नायिकेचा मुलगा झाला होता. प्रयोगात ती भूमिका त्याने मित्राला दिली. स्वतः विंगेत उभा राहून, हातात लोखंडी कडी घेऊन, तो आवाज मात्र तोच काढत होता.