मुलांची गणना आणि पैशांचा हिशेब : होरेस मान बॉण्ड यांच्या संशोधनाचे परीक्षण

शाळेतील विषमतेचा अभ्यास करावयाचा झाल्यास संशोधक बहुधा वर्गात जातो, पटसंख्या व निकाल नोंदवितो आणि मूल मागे का राहिले याचे कारण त्या मुलातच शोधू लागतो. होरेस मान बॉण्ड (१९०४–१९७२) या कृष्णवर्णीय अमेरिकन अभ्यासकाने ही दिशा बदलली. १९३६ साली शिकागो विद्यापीठाने पीएच.डी.साठी मान्य केलेला त्यांचा प्रबंध १९३९ साली 'निग्रो एज्युकेशन इन अलाबामा : अ स्टडी इन कॉटन अँड स्टील' या नावाने ग्रंथरूपात आला. पदवी शिक्षणशास्त्राची असली तरी त्यामागील दृष्टी समाजशास्त्रज्ञाची आहे. म्हणूनच या ग्रंथाचे परीक्षण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विद्यार्थिदशेतच बॉण्ड यांनी एका प्रतिष्ठित असत्यावर प्रहार केला होता. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांवरून कृष्णवर्णीयांची बुद्धी उपजतच कमी असल्याचे सांगितले जात होते. उत्तरेकडील काही राज्यांतील कृष्णवर्णीय सैनिकांचे गुण दक्षिणेकडील काही राज्यांतील गोऱ्या सैनिकांहून अधिक आहेत, हे त्यांनी १९२४ साली त्याच आकड्यांतून दाखवून दिले. चाचणीने मोजली होती ती बुद्धी नव्हे, तर शिक्षणाची संधी.

ही संधी कोणी व कशी हिरावली, याचे उत्तर प्रस्तुत ग्रंथ देतो. अलाबामात राज्याचा शाळानिधी प्रत्येक काउंटीस, म्हणजे जिल्ह्यास, तेथील शालेय वयाच्या मुलांच्या संख्येनुसार मिळे. या गणनेत कृष्णवर्णीय मुलेही धरली जात. मात्र आलेला पैसा गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र शाळांत कसा वाटावा, हे १८९१ च्या कायद्याने स्थानिक अधिकाऱ्यांच्या 'न्याय्य' विवेकावर सोपविले. पुढे १९०१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपविल्यावर त्या विवेकास जाब विचारणारा कोणीही उरला नाही. कापसाच्या 'ब्लॅक बेल्ट' पट्ट्यात कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. त्यांच्या मुलांच्या नावावर आलेला निधी बव्हंशी मूठभर गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्च झाला. डोंगराळ भागातील गरीब गोऱ्यांच्या काउंट्यांना असा लाभ नव्हता. गणनेत मूल होते, खर्चात नव्हते. बॉण्ड यांच्या संशोधनाचे सार आमच्या मते हेच आहे.

ग्रंथाचा दुसरा पदर पोलादाचा. बर्मिंगहॅमच्या परिसरात टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड कंपनीने कृष्णवर्णीय कामगारांच्या मुलांसाठी तुलनेने चांगल्या शाळा चालविल्या. यामागे करुणा नव्हती. कामगार टिकून राहावेत ही गरज होती. समाजातील आर्थिक शक्ती जे इच्छितात तेच शाळेतून उमटते, असा निष्कर्ष बॉण्ड काढतात.

येथे आमचा मतभेद आहे. अर्थकारण हे विषमतेचे यंत्र असेल. परंतु ते चालविणारे मन केवळ नफ्याचे नसते. याचा पुरावा बॉण्ड यांच्याच लेखणीने ठेवला आहे. १९३४ साली ते व त्यांच्या पत्नी ज्यूलिया ग्रामीण शाळांच्या पाहणीसाठी लुइझियानातील स्टार क्रीक येथे राहिले होते. तेथील विल्सन कुटुंब स्वतःच्या जमिनीचे मालक होते. त्याच कुटुंबातील तरुण जेरोम विल्सन यास जानेवारी १९३५ मध्ये जमावाने तुरुंगात शिरून ठार मारले. जमिनीची मालकी त्यास वाचवू शकली नाही. १९९७ साली 'द स्टार क्रीक पेपर्स' या नावाने प्रसिद्ध झालेली ती टिपणे या ग्रंथासोबत वाचावीत, अशी आमची शिफारस आहे. ग्रंथ हिशेब दाखवितो. टिपणे त्या हिशेबामागील दहशत दाखवितात.

पालकांच्या पुरुषार्थासही ग्रंथातील शक्तींच्या या मांडणीत पुरेशी जागा मिळत नाही. रोझेनवाल्ड निधीच्या साहाय्याने १९३२ पर्यंत दक्षिणेत सुमारे ५,००० ग्रामीण शाळा उभ्या राहिल्या. त्यांसाठी कृष्णवर्णीय ग्रामस्थांनी पैसा, जमीन व श्रम दिले. कर भरूनही त्यांनी शाळेसाठी पुन्हा वर्गणी काढली. जेम्स अँडरसन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात यास दुहेरी कर म्हटले, ते यथार्थ आहे.

ही उणीव असूनही बॉण्ड यांची पद्धत आम्हांस मोलाची वाटते. १९२८ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, त्याचाही आधार सरकारी आकडेच होते. दोघांनीही दयेची याचना केली नाही; हिशेब मागितला.

आपल्या तरुण संशोधकांनी गावच्या शाळेत जरूर जावे, मुलांशी बोलावे. पण परतताना त्या मुलांच्या नावाने किती पैसा आला आणि तो कोठे गेला, याची नोंदवही उघडल्याखेरीज येऊ नये. आणि ती उघडताना कोणाच्या मनात भय दाटले आहे, हेही लिहून ठेवावे.