खलनायक सापडलाच नाही तर?

तुम्ही हा सीन इतक्यांदा पाहिलाय की तो नेमका कुठल्या सिनेमातला हे सांगता येणार नाही. गुन्हा घडून गेलाय. गरिबाचं घर, खाटेवर जखमी पोरगा, शेजारी आई. दारात गाडी थांबते. पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी आत येतं, सोबतच्या माणसाला खूण करतं आणि खाटेवर नोटांची गड्डी पडते. पुढचं पाठ आहे. घरातला स्वाभिमानी माणूस उठतो, गड्डी उचलतो आणि समोरच्याच्या तोंडावर फेकतो. थिएटरात शिट्ट्या.

मीही शिट्ट्या मारल्यात. पण दोन वर्षांपूर्वी हाच सीन आमच्या घरात आडवा आला. तेव्हापासून तो मला पहिल्यासारखा पाहता येत नाही.

रात्री साडेअकरा वाजले होते. ऑफिसात रिलीज होतं, ते उरकून घरी चाललो होतो. सोसायटीच्या अलीकडच्या वळणावर बाइकवरून दोघं आले, मोबाइल मागितला. मी तो द्यायला खिशात हात घालतोय तोवर कोयता फिरला होता. उजवा तळवा आडवा कापला गेला, दोन बोटं मिटवणारे टेंडन तुटले. दोघांची तोंडं रुमालाने बांधलेली, गाडीला नंबरप्लेट नाही. एफआयआर झाला, कॅमेऱ्यांचं फुटेज पाहून झालं. ते दोघं आजपर्यंत सापडलेले नाहीत. ऑपरेशनचा बराचसा खर्च विम्यातून निघाला. नंतरचे चार-साडेचार महिने फिजिओथेरपी, स्प्लिंट, रिक्षाभाडं आणि बिनपगारी रजा हे सगळं आमचं आम्ही पाहिलं. कीबोर्डवर पोट असलेल्या माणसाला दोन बोटं म्हणजे काय, हे वेगळं सांगत नाही.

वकिली करणारी एक मैत्रीण म्हणाली, "अरे, भरपाईचा अर्ज कर ना. आरोपी सापडले नसले तरी करता येतो."

घरी सांगितलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "कुणी वार करायचा आणि आपण त्याचे पैसे मागायचे? लोक म्हणतील, पोराने हात विकला."

बाबांना कोर्टकचेरीचा काही अनुभव नाही. मग 'हात विकला' हे इतकं तयार वाक्य त्यांच्याकडे आलं कुठून? मला वाटतं, त्या गड्डीच्या सीनमधून. आपल्या सिनेमा-नाटकांत गुन्ह्यानंतर येणाऱ्या पैशाला एकच काम असतं, तोंड बंद करण्याचं. तो देणारा खलनायक आणि घेणारा फितूर. जखमी माणसाला मिळावा असा, त्याच्या हक्काचा पैसा या गोष्टींमध्ये जवळजवळ नसतोच.

'पिंक' (२०१६) आठवा. मुलींवर कोर्टात होणारा सगळ्यात घाणेरडा आरोप म्हणजे त्यांनी पैसे मागितले. उलटतपासणीत छळ असह्य होऊन फलक ओरडते, की हो, घेतले पैसे. पण मीनलने नंतर नकार दिला, त्याचं काय? सीन जबरदस्त आहे, कारण पैसे घेतले असं धरलं तरी 'नाही'चा अर्थ बदलत नाही, हे तो ठणकावून सांगतो. पण पैशाचा नुसता उल्लेख झाला की बाई संशयात सापडते, हे सिनेमाला प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. ते आपल्याला आधीपासून ठाऊक असतं.

दुसरा रस्ता सूडाचा. जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकातली अंबिका कायद्याकडून काहीच हाती लागत नाही म्हटल्यावर गुलाबरावला स्वतःच शिक्षा देते. पडदा पडतो. प्रेक्षक सुन्न होऊन किंवा समाधानाने घरी जातो. पण अंबिकेचं उद्या काय? तिची नोकरी, तिचं घर, तिची झोप? नाटकाला ते विचारायचं नाही. त्याचा मुद्दा वेगळा आहे, आणि तो त्याचा हक्क आहे. माझी तक्रार एका नाटकाबद्दल नाहीच. सगळ्याच गोष्टी त्याच जागी का थांबतात, याबद्दल आहे.

'छपाक' (२०२०) थांबत नाही, म्हणून तो मी हात स्प्लिंटमध्ये असताना दुसऱ्यांदा पाहिला. मेघना गुलजारचा हा सिनेमा लक्ष्मी अगरवालवर २००५ मध्ये दिल्लीत झालेल्या ॲसिड हल्ल्यावर बेतलेला आहे. एकामागून एक शस्त्रक्रिया, नोकरीसाठीची वणवण, आरशासमोरचे क्षण, सगळं न ओरडता दाखवलंय. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दीपिकाच्या मेकअपकडे आणि खटल्याकडे बघत होतो. या वेळी मात्र डोक्यात एकच प्रश्न होता: हे बिल कोण भरतंय?

सिनेमाचं उत्तर आहे, कुटुंबाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या एक सधन बाई. अशा बाई असतात, आणि देव करो प्रत्येकाला मिळोत. पण बाई नसत्या तर? ऑपरेशनच्या खर्चासारखा रोकडा प्रश्न सिनेमा एका चांगल्या माणसावर सोपवतो आणि स्वतः खटल्याकडे व ॲसिडविक्रीविरुद्धच्या याचिकेकडे वळतो. हक्काची जागा दयेने भरून निघते. गंमत म्हणजे प्रत्यक्षातल्या लक्ष्मीच्या याचिकेत न्यायालयाने पैशाबद्दल अगदी नेमकं सांगितलंय. जुलै २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातलीच. शिवाय पीडितेला किमान ३ लाख रुपये मिळावेत, त्यातले १ लाख घटना कळल्यापासून १५ दिवसांत आणि उरलेले २ लाख त्यानंतर दोन महिन्यांत, असंही म्हटलं. २०१५ मध्ये परिवर्तन केंद्राच्या याचिकेत न्यायालयाने स्पष्ट केलं की ३ लाख ही किमान रक्कम आहे, कमाल नव्हे. आणि बिहारमधल्या एका मुलीला १० लाख द्यायला लावले.

१५ दिवस आणि दोन महिने. हे आकडे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं राहून विचार केलाय. खटल्याला वर्षं लागतात, ड्रेसिंगचे पैसे आज लागतात.

मग मी मूळ कायदा वाचला. कोड वाचायची सवय असल्याने कायदाही तसाच वाचतो: कुठली अट, कुठला अपवाद, आणि कुठल्याच अटीत न बसणाऱ्या केसचं काय. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आलं, ते ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. आता तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६ आहे. प्रत्येक राज्याने योजना करायची, निधी ठेवायचा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने किती भरपाई द्यायची ते ठरवायचं. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांसाठी २०१३ पासून 'मनोधैर्य' आहे. शिवाय २०१४ ची पीडित भरपाई योजना आहे.

माझं पोट भरलं ते चौथ्या पोटकलमावर. गुन्हेगार सापडला नाही, ओळखताही आला नाही, खटला उभाच राहिला नाही, पण पीडित कोण हे माहीत आहे, तर त्याला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना अर्ज करता येतो.

हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं. कारण सिनेमाच्या हिशोबाने माझ्याकडे गोष्टच नव्हती. खलनायक नाही, त्यामुळे सूड नाही, खटला नाही, निकाल नाही, क्लायमॅक्स नाही. 'सापडले का रे?' असं विचारणाऱ्या मित्रांना 'नाही' सांगितलं की विषय तिथेच संपायचा. त्यांचा दोष नाही. गोष्ट पुढे न्यायची कशी, हे कुणी आम्हाला दाखवलेलंच नव्हतं. शिक्षेची गोष्ट ही गुन्हेगाराची गोष्ट असते, तो नसला की ती संपते. भरपाईची गोष्ट जखमी माणसाची आहे. ती खलनायकाशिवाय चालते. ज्याने हा मसुदा लिहिला त्याने एवढी कल्पना केली, जी आमच्या पटकथाकारांनी केली नाही.

निकालपत्रंही कधीकधी चांगली समीक्षा असतात. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१३) हे प्रकरण शेतातल्या एका कुत्र्यावरून सुरू होतं: बाचाबाची, डोक्यात लोखंडी पाइप, एक मृत्यू. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा किती याचा विचार केला, आणि मग खालच्या न्यायालयांकडे वळून सांगितलं की गुन्हा सिद्ध झाल्यावर भरपाई द्यायची की नाही याचा प्रत्येक प्रकरणात विचार करायलाच हवा आणि कारणं नोंदवायला हवीत. कायद्यात तरतूद असूनही पीडित विसरला जातो, ही त्यामागची खंत. आपल्या सिनेमांनाही हेच लागू पडतं.

एका सिनेमाने मात्र दोन्ही प्रकारचे पैसे शेजारी ठेवून दाखवलेत: 'जय भीम' (२०२१). कोठडीत नवरा मारला गेलेली गरोदर सेंगेनी. पोलिसांचा वरिष्ठ तिला बोलावून घेतो, पैसे घे आणि केस सोड म्हणतो. ती नाकारते. नवऱ्याला मारणाऱ्यांच्या पैशावर पोरं वाढवणार नाही, असा तिचा भाव. हा आपला जुना, ओळखीचा सीन, आणि लिजोमोल जोसने तो अंगावर काटा आणणारा केलाय. पण पुढे निकालात न्यायालय तिला भरपाई देतं आणि ती घेते. तीच बाई, तेच दुःख. पहिल्या पैशाला अट होती, गप्प बस. दुसरा पैसा तिचं म्हणणं खरं ठरल्यावर आला. शेवटी तिचं नवं घर दिसतं, आणि तिची छोटी मुलगी वकिलासारखी पायावर पाय टाकून पेपर वाचायला बसते. भरपाई कशासाठी असते, हे मला त्या घराने आणि त्या खुर्चीने सांगितलं. फक्त तिथे पोहोचायला अडीच तास लागतात, आणि भरपाईचा उल्लेख निकालाच्या ओघात येऊन जातो.

उलट बाजूही मांडायला हवी. गड्डी फेकण्याचा सीन खोटा नाही. तडजोडीसाठी दबाव येतो, पैसे समोर ठेवले जातात, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने ते नाकारणं ही फार मोठी गोष्ट आहे. राज्य पैसे देऊन मोकळं होईल आणि तपास थंडावेल, ही भीतीही खरी आहे. पण म्हणूनच दोन पैशांमधला फरक दाखवणाऱ्या गोष्टी हव्यात. भरपाईच्या अर्जाने माझी फाइल बंद होत नाही. मी कुणाला माफ केलेलं नाही आणि काही विकलेलंही नाही.

हे सगळं बाबांना असं सांगितलं असतं तर त्यांनी पेपर पुन्हा उचलला असता. त्यांना पटलं ते वेगळ्याच वाटेने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा गावी काकांची द्राक्षबाग झोपली होती. मी अकरावीत होतो. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा बाबाच त्यांच्यासोबत ओळीओळीने फिरले होते. मी एवढंच विचारलं, "बाबा, काकांनी तेव्हा बाग विकली होती का?"

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आण तो फॉर्म."

मला पेन धरता येत नव्हतं, त्यामुळे अर्ज त्यांच्याच अक्षरात आहे. झालेल्या नुकसानीपाशी आल्यावर मी सांगायला लागलो, रात्री झोप येत नाही, बाइकचा आवाज आला की... त्यांनी थांबवलं. "ते लिहू. आधी मोजता येतं ते सांग. किती दिवस रजा, किती बिलं, कुठलं बोट किती वाकतं." पंचनाम्यासारखी यादी झाली. मग शेवटी त्यांनी स्वतःहून झोपेचंही लिहिलं.

निर्णय यायला दोन महिन्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. फेऱ्या झाल्या, एक कागद दोनदा द्यावा लागला. जे आलं त्यात फिजिओथेरपीची बिलं निघाली, रजेचा पगार नाही. अनामिका अजून पुरती मिटत नाही. टाइप करताना तिचं काम मधलं बोट करतं.

परवा शेजारचे काका जिन्यात भेटले. हाताची चौकशी केली, मग आवाज खाली आणून विचारलं, "काही पैसेबिसे मिळाले म्हणे?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "नुकसानभरपाई मिळाली." आणि आवाज खाली न आणता किती मिळाली तेही सांगितलं.