तहान, बालपण आणि विभूतिपूजा

दरवर्षी 14 एप्रिलला घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतून एक सूत्र हमखास ऐकू येते : बाल भीमराव गोरेगावच्या वाटेवर तहानला, म्हणून महाडचे चवदार तळे पेटले. सूत्र टाळ्या घेते. पण ते पुरेसे आहे काय?

या प्रसंगाचा आधार बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन. ते 1990 साली पुस्तिकारूपाने छापले गेले. प्रसंग 1901 चा. आई निवर्तलेली, वडील गोरेगावी खजिनदार. मसूर स्टेशनवर चार पोरांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी पोरांनीच हाकायची, असे ठरले. जवळ भाकरी होती, पाणी नव्हते. रात्र उपाशी गेली.

पण लेखक येथे थांबत नाही. पुढे बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद येते आणि शेवटची दोन प्रकरणे तर त्यांची स्वतःची नाहीतच. काठेवाडातील अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टरने शिवायचे नाकारले, ती दगावली. म्हणजे स्वतःचे बालपण त्यांनी थोरवीचा दाखला म्हणून मांडलेले नाही. अनेक साक्षींपैकी ती पहिली साक्ष आहे. आपले वक्ते नेमकी हीच रचना मोडतात.

तहान तर त्या काळी प्रत्येक अस्पृश्य पोराच्या वाट्याला होती. मग फरक कशाने पडला? लष्करी शाळेत शिकवलेल्या रामजींनी घरात अभ्यासाची शिस्त लावली. पुढे एल्फिन्स्टन हायस्कूल आले. 1907 साली मॅट्रिक होताच केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र हाती दिले. आणि 20 मार्च 1927 च्या महाडमागे 1923 चा बोले ठराव होता, 1924 चा महाड नगरपालिकेचा ठराव होता, कोकणातले कार्यकर्ते होते. दुःखाला शिक्षण, कायदा आणि संघटना भेटली, तेव्हा त्याचा लढा झाला. नुसते दुःख माणसाला वाकवतेही.

हा वाद शब्दांचा नाही. माझ्या वर्गातला, घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेला मुलगा म्हणतो, "सर, ते महामानव होते. आपल्याच्याने काय होणार?" चमत्काराच्या कथेचे हे फळ आहे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत दिला होता. त्यांच्याच बालपणाची पोथी करून आपण तो इशारा मोडीत काढीत आहोत.

यंदा वस्तीत मंडप घालताना शेजारी एक अभ्यासिकाही उघडा. पुढच्या तहानलेल्या पोराला जयघोषापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.