पुणतांब्याचा ठराव आणि सांडलेले दूध

ट्रेंडिंग विषय म्हणजे समाजमनाचा आरसा, असे आता सर्रास म्हटले जाते. पण आरसा समोर असेल ते सगळे दाखवतो. ट्रेंडची यादी तसे करत नाही. एखाद्या विषयावर एकूण किती लोक बोलतात, यापेक्षा ते बोलणे अचानक किती वाढले यावर ती मुख्यतः ठरते. त्यामुळे वर्षानुवर्षे रोज सोसलेले दुखणे तिथे सहसा येत नाही. ते एखाद्या दिवशी फुटले की येते. 2017 चा शेतकरी संप या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखा आहे.

या संपाची सुरुवात ग्रामसभेत झाली. राहाता तालुक्यातील पुणतांबा हे गोदाकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे गाव. तिथल्या ग्रामसभेने 3 एप्रिल 2017 रोजी ठराव केला, की 1 जूनपासून शेतकरी संपावर जातील. सातबारा कोरा करा, उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून हमीभाव द्या, दुधाला रास्त दर द्या, अशा मागण्या होत्या. ठराव आणि संप यांत जवळजवळ दोन महिने गेले. त्या काळात इतर गावांच्या ग्रामसभांनीही पाठिंबा दिला. शहरी पडद्यांवर मात्र हा विषय उसळला तो 1 जूनला, रस्त्यावर ओतलेल्या दुधाच्या चित्रफितींसह.

संप म्हणजे रोखून धरणे, आणि न विकलेल्या मालाचे चित्र निघत नाही. सांडलेल्या दुधाचे निघते. चित्र बदलताच वादाचा विषयही बदलला. लिटरला किती मिळावे, हा प्रश्न मागे पडला आणि अन्नाची नासाडी योग्य का, हा पुढे आला. गाय संप पाळत नाही. दोन वेळा धार काढावीच लागते आणि थंड न केलेले दूध उन्हाळ्यात काही तासांत नासते, हे त्या वादात फारसे आले नाही. काही ठिकाणी दुसऱ्यांची वाहने अडवून दूध ओतले गेले, हेही नाकारता येणार नाही. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1971 मध्ये अठराव्या शतकातील इंग्लंडच्या धान्यदंगलींचा अभ्यास करताना ‘नैतिक अर्थव्यवस्था’ ही कल्पना मांडली : रास्त किंमत कोणती, याविषयी लोकांच्या मनात एक धारणा असते आणि ती मोडली की उद्रेक होतो. तिथे रास्त भाव मागणारे धान्य विकत घेणारे होते, इथे पिकवणारे. आपल्याकडे दोन धारणा समोरासमोर आल्या, रास्त भावाची आणि अन्न वाया न घालवण्याची. दुसरी शेतकऱ्याच्या घरातही तितकीच पक्की आहे. म्हणूनच दूध ओतणे हे त्याच्या हतबलतेचे माप होते. पडद्यावर ते माज म्हणूनही वाचले गेले.

यादीतल्या ‘शेतकरी’ या एका शब्दाने आणखीही काही झाकले. 3 जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर काही समन्वयकांनी संप मागे घेतला. अनेकांनी ती माघार अमान्य केली आणि संप चालू राहिला. गोठ्यातले बरेचसे काम बायकांचे, पण चित्रफितींत दिसले ते मुख्यतः पुरुष. संपाच्या दिवसांत ज्यांची मजुरी बुडाली त्या भूमिहीनांचा तर विषयच झाला नाही.

अँथनी डाउन्स यांनी 1972 मध्ये सार्वजनिक लक्षाचे चक्र मांडले : आधी हादरा आणि उत्साह, मग उपायाच्या किमतीची जाणीव, मग ओसरणे. 24 जूनला सुमारे 34 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली आणि लक्ष ओसरू लागले. गावात मात्र ऑनलाइन अर्जांचे काम त्यानंतर सुरू झाले. ज्या जाळ्याने सांडलेले दूध घरोघर पोचवले, त्याच जाळ्यावर अर्ज भरण्यासाठी शेतकरी केंद्रांपुढे रांगा लावत होते. त्या रांगांकडे कोणी तसे वळून पाहिले नाही.

ट्रेंड निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. पाहणाऱ्याला कशाने धक्का बसतो, हे तो नेमके सांगतो. ज्याच्याविषयी तो असतो त्याला काय टोचते, हे त्यातून कळेलच असे नाही. अभ्यासकाने त्या यादीशेजारी ग्रामसभेचे इतिवृत्त ठेवावे आणि दोन्हींवरच्या तारखा पाहाव्यात. पुणतांब्यात त्यांत जवळजवळ दोन महिन्यांचे अंतर होते. तेवढा वेळ गाव बोलत होते, दूध न सांडता.